शेजारी नसलेली जागा

निवृत्ती पगार या नावाचा माणूस रिटायर झाला
तेव्हा ओझरच्या कारखान्यात केवढे हसले असतील लोक.
चौतीस वर्षं विमानाच्या पत्र्यात रिव्हेट मारले,
आता पवननगरात, बरोबर माझ्या डोक्यावर राहतात
आणि फळीला बोलायला शिकवतात.

मी भांडायलाच गेले होते.
रात्रीचे साडेदहा, सकाळी अंबडला पहिली पाळी,
आणि छतातून कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं.

नायलॉनच्या दोरीवर टांगलेली फळी.
पातळ, आतून पोळ्यासारखी पोकळ,
भंगारातून किलोवर घेतलेली.
पाठीला चिकटवलेलं बाटलीच्या बुचाएवढं यंत्र.
ना भोंगा, ना खोकं,
तरी माणूस बोलत होता, सबंध फळीभर.
"लासलगाव. उन्हाळ कांदा. कमाल, किमान."
भाव मागल्या वर्षीचे. टेप करून ठेवलेले.
काका म्हणाले, "आवाज ओळखीचा लागतो, तरच चूक कळते."

मग, मी विचारलंही नव्हतं,
"मधोमध नाही चिकटवायचं.
मध्यावर ढकललं तर निम्म्या लाटांना धक्काच पोचत नाही.
जरा बाजूला. दोन हिस्से इकडे, तीन तिकडे."

फळी आडवी केली, चार खोडरबरांवर ठेवली,
रवा भुरभुरवला.
("परत रवा?" आतून काकू.)
यंत्र एकाच सुरात गुणगुणू लागलं.
रवा उडाला, सैरावैरा पळाला,
आणि फळी जिथं हलत नव्हती
तिथं रेघ धरून बसला.

"रेघेच्या अलीकडे फळी वर जाते, तेव्हा पलीकडे खाली.
ही हवा दाबते, ती ओढते.
मग हवा कशाला जाईल लांब?
इथल्या इथं हिंदकळते,
या सरीतलं पाणी त्या सरीत."

"मग ऐकू काय येतं?"

"कडा. कोपरे.
जिथं खोडून काढायला शेजारी नसतो."

आमच्या घरात आई आणि वहिनी.
एक वर गेली की दुसरी खाली, दिवसभर.
गल्ली म्हणते, किती शांत माणसं.
फक्त गॅलरीच्या कठड्यापाशी
वहिनी ओल्या चादरीला चिमटा लावते, कट्‌,
तेवढं जातं समोरच्या बिल्डिंगपर्यंत.

"पण सूर चढत गेला ना," काका सांगतच होते,
"तर एका हद्दीनंतर
फळीतली लाट हवेतल्या आवाजालाही मागं टाकते.
मग खोडाखोड संपली.
सगळी फळी सुटते बाहेर, पण सरळ नाही, अशी,"
आणि तळहात तिरपा करून
त्यांनी तो खिडकीकडे उचलला,
धावपट्टी सोडताना उचलतात तसा.

मी भांडायचं विसरले.
माझं काम नेमकं उलटं, हेही सांगायचं राहिलं:
विजेच्या कपाटांच्या दारांना आतून
डांबरी पट्ट्या चिकटवते मी,
दिवसाला साठ दारं, थरथरू नयेत म्हणून.
पट्टी लावून बोटाच्या पेरानं ठोकायचं.
ठण्‌ आलं तर नापास.
ठप्प आलं की पुढचं दार.

शनिवारी एक तुकडा पर्समध्ये टाकून आणला.
काकांनी त्यातला नखाएवढा कापला,
कोपऱ्यावर ठेवला, काढला, बोटभर सरकवला,
कान फळीकडे, डोळे माझ्याकडे,
जणू भाव मीच सांगणार होते.
"कमाल" मधला म फार दिवस किरकिरत होता म्हणे.
तो बसला.
फक्त तो. बाकी फळी बोलत राहिली.

एवढ्याशा पट्टीनं इतकंच गप्प करता येतं
हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ढोल?" मी म्हटलं. "ढोल वाजवून दाखवा."

काका दोरीची गाठ उगाच घट्ट करू लागले.
जाड आवाजाला फळी पुरत नाही.
पुढची हवा कडेनं वळसा घालून
मागच्या हवेला गाठते, आणि दोघी गप.
मोठी फळी हवी. दाराएवढी.

मी आमच्या दाराचं माप मनात घेतलं.
खाली कठड्यावर चिमटा वाजला.
"हा कोण?" काकांनी विचारलं.